मिटलेलं खातं

"अगं, कुणाला सांगू नको हं, पण तिच्यासाठी जरा प्रार्थना कर."

मैत्रिणींनो, हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? तुम्ही चर्चमध्ये जात नसाल तर त्यातला शेवटचा 'प्रार्थना कर' तुमच्याकडे नसेल. पण 'कुणाला सांगू नको' तर घरोघरचंच! नळावर, बचत गटात, हळदीकुंकवाला, शाळेच्या फाटकापाशी मुलांची वाट बघताना... 'कुणाला सांगू नको' म्हणून जे सांगितलं जातं, ते दिवेलागणीपर्यंत सगळ्या आळीला पाठ झालेलं असतं. आम्ही ख्रिस्ती बायका मात्र त्याच्यावर एक पांढरा पदर घालतो. आम्ही कुणाच्या चहाड्या करत नाही बाई, आम्ही 'प्रार्थनेचा विषय' देतो!

हसू आलं ना? मलाही पूर्वी यायचं. आता येत नाही. कारण अशाच एका प्रार्थनेच्या विषयापायी एक मुलगी आमच्या मंडळीतून उठून गेली, आणि तो विषय देणारी मी होते.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं. या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं आणि पुढे कितीतरी गावांतून मंडळ्या उभ्या राहिल्या. 'मंडळी' म्हणजे आमच्याकडे त्या त्या चर्चची सगळी माणसं. घरं मोजकी आणि नाती गुंतलेली. हिच्या मुलीची सासू तिची चुलत मावशी. अशा ठिकाणी सकाळी शिंक आली की दुपारी काढा येतो. कुणी आजारी असलं की डबा आपोआप पोचतो. आणि कुणाचं पाऊल वाकडं पडलं की तीही बातमी तितक्याच आपोआप पोचते.

आमच्या महिला मंडळाचे पैसे एक तरुण मुलगी सांभाळायची. घरी शिवणकाम करायची आणि गळा असा गोड, की तिने गाणं उचललं की मागच्या बाकावरची म्हातारीही मान वर करायची. उपकारस्तुतीच्या रविवारी लोक शेतातलं, परसातलं काहीबाही आणतात. भोपळे, ज्वारी, एखादी कोंबडी. त्याचा लिलाव होतो. त्यातले थोडे पैसे आणि दर गुरुवारच्या प्रार्थनेचं दान एवढाच काय तो आमचा निधी.

एका पावसाळ्यात तिचा मुलगा तापाने फणफणला. डेंग्यू निघाला. नवऱ्याचा पगार तीन महिने अडकलेला. तिने पेटीतले अठराशे रुपये काढले. कुणाला विचारलं नाही. पुढे शिवणाचे पैसे हातात आले तसे दोन महिन्यांत सगळे परत ठेवले. आणि मग स्वतःच पाळकसाहेबांकडे गेली आणि रडत रडत सगळं सांगितलं. तिला कुणी पकडलेलं नव्हतं. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

साहेबांनी ऐकून घेतलं. तिच्याबरोबर प्रार्थना केली. यापुढे पेटीला दोन कुलपं असावीत, एक किल्ली तिच्याकडे आणि दुसरी चिटणीस म्हणून माझ्याकडे, असं ठरवलं. त्यासाठी मला बोलावून घेऊन सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "बाई, हे इथेच मिटलं."

मी 'हो' म्हटलं. महिनाभर ते पाळलंही.

मग एका दुपारी मी आणि माझी एक मैत्रीण अंगणात मटार सोलत बसलो होतो. नाताळ जवळ आला होता. मैत्रीण त्या मुलीच्या आवाजाचं कौतुक करायला लागली. किती गोड गाते, किती नम्र आहे, पुढच्या वर्षी अध्यक्ष तिलाच करू या. खरं सांगते, मला ते खुपलं. वीस वर्षं मी या मंडळासाठी खस्ता खाल्ल्या, माझं नाव नाही कुणाच्या तोंडी! माझ्या तोंडून निघून गेलं, "आवाज चांगला आहे गं, पण माणसाचं काय सांगावं! तिच्यासाठी प्रार्थना कर तू." मैत्रिणीने मटार खाली ठेवले. "का गं? काय झालं?"

आणि मी सांगितलं.

पुढचं तुम्हाला सांगायला नकोच. रविवारपर्यंत अठराशेचे अठरा हजार झाले. पैसे परत ठेवल्याची गोष्ट कुठेतरी वाटेतच गळून पडली. कुणाला तिच्या नाताळच्या साडीचा रंग संशयास्पद वाटू लागला. कुणी म्हणालं, नवऱ्याला ठाऊकच नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चोरीविषयीचं एक शास्त्रवचन पडलं, कुणाचंही नाव न घेता, खाली जोडलेल्या हातांची तीन चित्रं. आणि संडे स्कूलमध्ये एका पोराने तिच्या मुलाला विचारलं, "तुझ्या आईने पेटी फोडली ना रे?"

त्यानंतर ती यायची बंद झाली. किल्ली एका मुलाच्या हाती माझ्याकडे पाठवून दिली.

तेव्हा मी स्वतःची समजूत कशी घातली असेल? 'मी काही खोटं बोलले नाही.' अठरा हजार मी म्हटलं नव्हतं, साडीचं मी काढलं नव्हतं. मी तर खरं तेवढंच सांगितलं! आपण बायका याच वाक्यावर तरून जातो. खोटं बोलणं पाप, हे लहानपणापासून शिकलेलं असतं. पण खरं बोलूनही पाप करता येतं, हे कुणी शिकवत नाही. ज्याला ऐकायची गरज नाही त्याच्या कानात, ज्याच्याविषयी आहे त्याच्या पाठीमागे, आणि मनात काडीचंही प्रेम नसताना सांगितलेलं खरं हे खोट्यापेक्षा वाईट. कारण खोटं निदान खोडून तरी काढता येतं. त्या बिचारीने काय खोडायचं होतं?

आमच्या मराठी बायबलमध्ये कुसळ आणि मुसळाची गोष्ट आहे. तीच आपल्या म्हणीतही आहे, म्हणून ती सगळ्यांना पटकन पटते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपल्याला दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. इतकी वर्षं मी ती संडे स्कूलच्या पोरांना शिकवली. पण मुसळ दिसत का नाही, याचा विचार केला नव्हता. दिसत नाही कारण ते बघायचंच नसतं. शेजारणीच्या साडीवरचा डाग दाखवला की आपली साडी आपोआप पांढरीशुभ्र वाटते. चहाडीची गोडी या पांढरेपणात आहे. तिने चोरी केली म्हणताना 'मी नाही केली' हे न बोलताच सांगून होतं.

पण माझा तो मत्सर? ती चोरीच नव्हती का? तिने अठराशे घेतले ते परत ठेवले. मी तिचं नाव घेतलं, ते कुठल्या पेटीत परत ठेवणार होते?

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने एक साधी रीत सांगितली आहे. कुणी तुमचा अपराध केला तर आधी एकटे त्याच्याकडे जा आणि दोघांतच बोला. नाही ऐकलं तर आणखी एकदोघांना बरोबर घ्या. तरीही नाही ऐकलं, तर मग मंडळीला कळवा. आमच्या मंडळीत (आणि बाहेरही, खोटं का बोला?) ही पायरी बरोबर उलटी असते. आधी सगळ्या गावाला कळतं, मग दोघीतिघींत कुजबुज होते, आणि जिच्याविषयी बोलणं चाललेलं असतं तिच्याशी कुणी बोलतच नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट आहे. तुमच्यापैकी अनेकींना ती माहीत असेल. लोक दगड घेऊन उभे आहेत. तिच्याबरोबरचा पुरुष कुठे गेला हे कुणी विचारत नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. येशू खाली वाकतो आणि बोटाने जमिनीवर काहीतरी लिहितो. मग म्हणतो की ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड मारावा. एकेक जण निघून जातो, आधी म्हातारे. माझं वय झाल्यापासून हे 'आधी म्हातारे' मला फार लागतं.

तो काय लिहीत होता, हे शुभवर्तमानात सांगितलेलं नाही. येशूने काही लिहिल्याचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत एवढाच, आणि तोही धुळीवर. वारा आला की पुसून जाईल असा. त्या बाईने काही केलंच नाही, असं तो म्हणाला नाही. पुन्हा पाप करू नकोस, असं तिला बजावून पाठवलं. पण तिच्या पापाची वही त्याने ठेवली नाही. वही ठेवायचं काम आपण करतो, तेही पक्क्या शाईने.

ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच मुळी हा आहे की माणूस पापी आहे. कुणी एखादा नव्हे, सगळेच. आणि सगळ्यांचं देणं ख्रिस्ताने वधस्तंभावर एकदाच फेडलं. हे आम्ही दर रविवारी म्हणतो. जिने कबुली दिली, पश्चात्ताप केला, घेतलेलं परत केलं, तिचं खातं मिटलं. देवाने मिटवलेलं खातं मी मटार सोलता सोलता उघडलं. देवापेक्षा मी कडक सावकार झाले की!

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि छोट्या पेल्यात द्राक्षाचा रस. त्याआधी साहेब सांगतात, प्रत्येकाने स्वतःला तपासावं. वर्षानुवर्षं ऐकून ते कानाला सवयीचं झालेलं. त्या फेब्रुवारीत ताट माझ्यापुढे आलं आणि मला शेजारची जागा दिसली. ती आणि तिचा मुलगा बसायचे ती. वेदीपाशी दान घेऊन आलात आणि भावाचं तुमच्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेवा आणि आधी जाऊन समेट करा, असं येशूने सांगितलंय. मी ताट पुढे सरकवलं. शेजारच्या वहिनींनी चमकून बघितलं. आता यावरही प्रार्थनेचा विषय निघणार, असं मनात आलंच!

दुपारी मी तिच्या घरी गेले. ती मशिनवर बसली होती.

"सलाम, मावशी. बसा." पाणी आणून दिलं.

"बाळ, ते माझ्या तोंडून गेलं," मी म्हटलं. आणखी पुष्कळ ठरवून गेले होते, पण तेवढंच आलं.

मशीन थांबलं. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "साहेबांना आणि तुम्हालाच तर माहीत होतं. साहेब बोलायचे नाहीत."

"मग तू मला जाब का नाही विचारलास?"

"चोरी करणारीचं कुणी ऐकलं असतं, मावशी?"

मी गप्प. थोड्या वेळाने तीच बोलली. "साहेबांना सांगून आले ना, त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. तो घास तुम्ही माझ्या तोंडातून काढून घेतलात."

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "करीन. प्रभूने मला केलीय, तेव्हा मलाही करावीच लागणार. पण आज म्हणायला लावू नका."

मला वाटलं होतं, गळ्यात पडून रडू आणि संपेल. तसं झालं नाही आणि तेच बरोबर होतं. क्षमा मागणं माझ्या हातात, देणं तिच्या हातात. 'तू ख्रिस्ती आहेस ना, मग लगेच क्षमा कर' असं दुखावलेल्या माणसाला म्हणणं हीसुद्धा एक जबरदस्तीच आहे.

पुढच्या गुरुवारी महिला मंडळात मी उभी राहिले. हातपाय थरथरत होते. सांगितलं, की जे तुम्ही ऐकलंत ते माझ्यापासून निघालं. मला ते विश्वासाने सांगितलं होतं आणि मी मत्सराने फोडलं. पैसे होते त्याहून दसपट करून तुम्ही ऐकलेत, ते केव्हाच परत आलेत आणि तिने ते स्वतःहून कबूल केलंय. एकदम शांतता पसरली. मग एक बाई म्हणाल्या, "जाऊ द्या ना हो, झालं गेलं. आता कशाला उकरून काढता?"

बघा हं! तिचं होतं तेव्हा आम्ही रोज उकरत होतो. माझं निघालं तेव्हा 'जाऊ द्या'!

आता तुम्ही म्हणाल, मग काय, कुणी काहीही करावं आणि आपण तोंड शिवून बसावं? नाही हो. इथे फार मोठी गल्लत होते. क्षमा वेगळी आणि झाकपाक वेगळी. एखादीला नवरा मारतोय, एखाद्या लेकराला कुणी हात लावतोय, मग तो कितीही प्रतिष्ठित असो, अगदी चर्चमधला का असेना, तिथे गप्प राहणं हे पाप आहे. अशा वेळी 'प्रभू क्षमा करतो' म्हणून पीडितेलाच गप्प बसवणारे लोक ख्रिस्ताचं नाव वाया घालवतात. कौटुंबिक हिंसाचारापासून बाईचं संरक्षण करणारा कायदा २००५ पासून आहे. मुलांच्या लैंगिक छळाबद्दल कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकच केलंय. मुलांसाठी १०९८ आणि बायकांसाठी १८१ हे क्रमांक फोनमध्ये ठेवा. पण अशी गोष्ट प्रार्थनेच्या बैठकीत कुजबुजायची नसते. ती जिथे सांगून उपयोग होईल तिथे, स्पष्टपणे, जबाबदारीने सांगायची असते. माझी कसोटी आता एवढीच आहे: मी हे सांगितल्याने कुणाचा जीव वाचणार आहे, की फक्त माझा वेळ छान जाणार आहे?

२०२० साली करोनाच्या भर साथीत पोप फ्रान्सिस यांनी म्हटलं होतं की चहाडी ही कोविडपेक्षाही वाईट साथ आहे. तेव्हा लोक हसले असतील. पण कॅथलिक असो की आमच्यासारखे प्रॉटेस्टंट, ही साथ दोन्हीकडे घराघरांत आहे.

आणि औषधही आपल्याच मातीत सापडतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 'कृपा सदन' नावाचं घर काढलं होतं. ज्यांना जगाने 'पतित' म्हणून बाहेर काढलं होतं, त्या बायकांसाठी. नाव बघा, 'सुधारगृह' नाही ठेवलं. कृपा! आत येणारीच्या कपाळावर तिची चूक लिहायची नाही, असंच जणू दारावर लिहिलेलं. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण आजही का वाचतो? त्या पुस्तकात भाबडेपणा, चिडणं, फजिती यांची रेलचेल आहे, पण सगळ्यात जास्त फजिती लिहिणारीची स्वतःचीच आहे. दुसरीचं उघडं पाडायला नुसती जीभ पुरते. स्वतःचं सांगायला काळीज लागतं.

ती मुलगी? उत्तम शुक्रवारी आली. मुलाला घेऊन अगदी शेवटच्या बाकावर बसली. तीन तासांच्या उपासनेत ओठ हलले नाहीत. जाताना माझ्याकडे बघून "सलाम, मावशी" एवढंच म्हणाली. महिला मंडळात अजून येत नाही. पेटीची तिची किल्ली मी कुणाला दिलेली नाही, माझ्याकडेच जपून ठेवलीय. बायका विचारतात, नवीन खजिनदार कधी नेमायची? मी म्हणते, थांबा थोडं.

परवा तीच मैत्रीण आली होती. भाजी निवडता निवडता सरकून जवळ बसली. "अगं, कुणाला सांगू नको हं..."

"मग मलाही नको सांगूस," मी म्हटलं. "तिच्या घरी काही अडचण आहे का? चल, चपला घाल. दोघी जाऊन येऊ."

मैत्रीण गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अडचण तशी काही नाही गं."

"मग भाजी निवड," मी म्हटलं.